सोसायटीची किर्द संगणकावर गेली, आता आपण काय पाहावे?



गावची सोसायटी म्हटली की डोळ्यांपुढे येते ते वह्यांचे कपाट. किर्द, खतावणी, कर्जखाते, शेअर्सचे रजिस्टर. आपल्या आजोबांनी विहिरीसाठी उचललेले कर्जही त्यातल्याच एखाद्या जीर्ण पानावर सापडेल. आता या वह्यांची जागा संगणक घेत आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. खर्च २,५१६ कोटी रुपये. म्हणजे एका संस्थेमागे चार लाखांच्या आसपास. आपल्या राज्यातल्या सुमारे १२,००० सोसायट्या त्यात आहेत. सर्वांना सारखेच सॉफ्टवेअर द्यायचे आणि ते उभे करण्याचे काम नाबार्डने पाहायचे, अशी ही योजना.

कारखानदार मंडळी अशा प्रणालीला 'ई. आर. पी.' म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट सोपी आहे. समजा, तुम्ही सोसायटीतून युरियाच्या चार गोण्या उधारीवर नेल्या. पूर्वी सचिव एक पावती फाडत, मग साठा वहीत चार गोण्या वजा करीत, मग तुमच्या खात्यावर रक्कम नावे टाकीत, आणि महिनाअखेरीस तेरीज जुळली नाही की रात्र रात्र जागत. नव्या पद्धतीत पावती एकदाच करायची. साठा, तुमचे खाते, सोसायटीचा ताळेबंद, सगळे त्याच क्षणी बदलते. सोय मोठी आहे. पण हेही ध्यानात घ्या, की पावती चुकीची झाली तर ती चूकही त्याच क्षणी सगळीकडे पोचते!

आता तुम्ही म्हणाल, हे सचिवाचे काम, आम्हाला काय त्याचे? तर 'अनिष्ट तफावत' हा शब्द तुम्ही वार्षिक सभेत ऐकला असेल. सभासदांकडून सोसायटीला जेवढे येणे, त्याहून सोसायटीचे जिल्हा बँकेला देणे जास्त, हा त्याचा अर्थ. कुठे वसूल झालेला पैसा बँकेत न भरता खर्चात गेला, कुठे सोसायटीने रक्कम मुद्दलात जमा धरली आणि बँकेने तीच व्याजात धरली. वर्षानुवर्षे हे वह्यांत दडून राहिले. शेवटी बँक हात आखडता घेते आणि वेळेवर फेडणाऱ्या सभासदालाही पीककर्जासाठी ताटकळावे लागते. सोसायटी आणि बँक यांचे हिशेब एकमेकांना जोडले गेले की ही तफावत वेळीच दिसते. संगणक ती भरून मात्र देणार नाही. ते काम संचालक मंडळाचेच.

खरी नाजूक वेळ असते ती जुन्या वह्यांतले आकडे संगणकात चढवण्याची. साधारणतः ३१ मार्चसारखी एखादी तारीख ठरवतात आणि त्या दिवशीची प्रत्येक सभासदाची बाकी भरतात. हजार सभासदांची खाती, एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरे, वारसाची नोंद राहून गेलेली. मुदतीत फेड केली की व्याजात सवलत मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही रक्कम वेळेत भरली आणि संगणकात तारीख चार दिवस पुढची पडली, तर तुम्ही थकबाकीदार ठरता! म्हणून घरातल्या जुन्या पावत्या टाकू नका. सोसायटीत जा, आपल्या खात्याचा उतारा मागा. मुद्दल, व्याज, शेअर्स, उचल आणि भरण्याच्या तारखा पावत्यांशी ताडून पाहा. नाव आधारवरच्या आणि सातबारावरच्या नावाशी जुळते का, तेही बघा. आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नेच दिला आहे. तेव्हा संकोच कशाचा? घरातली शिकलेली मुलगी किंवा सून बरोबर न्या. उतारा वाचायला तिच्याइतके चोख कोणी नाही.

सोसायटीला सॉफ्टवेअर सरकारी योजनेतून मिळाले. पण तुमच्यापैकी काहींनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे, कोणी डाळमिल घातली आहे, कोणी हळद दळते. त्यांना हे सामान स्वतः निवडावे लागते. विकणारा माणूस स्वतःचे नमुन्याचे आकडे घालून झकास खेळ दाखवतो. त्याला थांबवा. मागच्या हंगामातल्या आपल्या दहा वजनपावत्या त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, या भरून दाखवा. पोत्यांचा हिशेब क्विंटलमध्ये येतो का? ओलाव्याची घट, हमाली, तोलाई, बारदान कापून शेतकऱ्याची पट्टी मराठीत निघते का? एक क्विंटल तुरीतून डाळ किती, चुनी किती, टरफल किती, हे तो मांडतो का? पहिल्या वर्षाची किंमत सांगतात, दरसालचा खर्च विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तो कागदावर घ्या. उद्या दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले तर आपली सारी माहिती परत मिळेल, हेही करारात लिहून घ्या. वीज गेली, इंटरनेट बंद पडले, तर पावती कशी फाडायची, तेही विचारून ठेवा.

आणि ऐन हंगामात बदल करू नका. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ साली असेच केले. सुमारे ११ कोटी डॉलरची नवी प्रणाली, काम घाईत उरकलेले, आणि ती पूर्ण सुरू केली जुलैत. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणासाठी दुकानदारांच्या मागण्या येतात, नेमक्या त्या तोंडावर. चॉकलेट गोदामात होते, पण संगणकाच्या गोंधळात ते दुकानापर्यंत पोचेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. एवढ्या बलाढ्य कंपनीने कळ सोसली. आपल्या डाळमिलला तुरीच्या आवकेत तसे झाले तर शेतकरी गाडी वळवून दुसऱ्या दारी जाईल. आवक थंडावली की काम सुरू करा. दोन महिने वही आणि संगणक दोन्हीकडे लिहा, रोज संध्याकाळी रोकड मोजून दोन्हींशी जुळवा. दुप्पट लिहिण्याला कारकून कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्या. सलग महिनाभर एक पैशाचाही फरक पडला नाही, की मगच जुनी किर्द बंद करा, आणि तीही जपून कपाटात ठेवा. लेखापरीक्षक आले की पहिल्यांदा तीच मागतील.