अतिवृष्टीची मदत व पंचनाम्याचे महत्त्व

मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूर वसले आहे. तालुक्यातील पुष्कळशी जमीन भारी काळी असून काही गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतात. अशा जमिनीत पाणी मुरावयास वेळ लागतो. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने कपाशी व सोयाबीन कित्येक दिवस पाण्यात उभे राहते. वरून पीक हिरवे दिसते; पण मुळ्या गुदमरून ते पुढे पिवळे पडते व सुकते. हानी पाऊस सरल्यावर दिसू लागते, हे पाहणी करणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

पूर्वी अशा संकटात तगाईचा आधार असे. १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वये मिळणारी ती रक्कम कर्जरूप होती व फेडावी लागे. आजची मदत अनुदान आहे. ती परत करावयाची नसते. बँकांनी ती कर्जखात्यात वळती करू नये, असेही शासन निर्णयांत बजावलेले असते.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजली जाते. मदतीसाठी पिकाची हानी ३३ टक्के किंवा अधिक असावी लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातील निकषांनुसार हेक्टरी दर जिराईत पिकास ८,५०० रुपये, बागाईतास १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये असून मर्यादा २ हेक्टरांची होती. २०२२ च्या पावसाळ्यातील हानीसाठी राज्य शासनाने वाढीव दर व ३ हेक्टरांची मर्यादा दिली. दर असे बदलत असल्याने ज्या हानीचा जो शासन निर्णय असेल, तोच वाचून गावात सांगावा.

एकरी हिशेबाने ८,५०० रुपयांचे साडेतीन हजारांहूनही कमी होतात. एवढ्यात मशागत, बियाणे व खत यांचा सारा खर्च भागत नाही. तथापि रब्बीच्या हरभऱ्याचे बी सावकाराच्या दारी न जाता घेता आले, तर त्या कुटुंबाचे वर्ष सावरते. म्हणूनच ही रक्कम पेरणीपूर्वी हाती पडणे महत्त्वाचे होय.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी संयुक्त पंचनामा करावयाचा असतो. त्या वेळी शेतकऱ्याने स्वतः बांधावर हजर राहावे. गट क्रमांक, पीक व बाधित क्षेत्र बरोबर लिहिले आहे की नाही, हे पाहून मगच सही करावी. जमीन खरडून गेली किंवा तीवर गाळ साचला असल्यास त्याची नोंद वेगळी करून घ्यावी.

यादीत नाव येऊनही पैसे अडतात, याची कारणे बहुधा साधी असतात. खातेदार वारला, पण वारसनोंद झाली नाही. खाते सामाईक आहे, पण इतरांचे संमतिपत्र नाही. बँकखाते आधारशी जोडलेले नाही. तहसीलकडून यादी लागली की ज्यांना आधार प्रमाणीकरण आवश्यक असेल, त्यांनी आपला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ते करावे. त्यानंतर रक्कम थेट खात्यात जमा होते.

वारसनोंद व संमतिपत्र ही कामे पावसाळ्यानंतरची नव्हेत. ग्रामसेवकांनी व तलाठ्यांनी उन्हाळ्यातच चावडीवर खातेदार बोलावून ती उरकून घ्यावीत. आभाळ आवरणे कोणाच्या हाती नाही. कागद नीट ठेवणे मात्र सर्वांच्या हाती आहे.