सुवासाला शब्द कोठून आणावे?

शाळेंत असतांना मी मुलांना एक विषय नेमानें घालीत असें : ‘वाळ्याच्या वासाचें वर्णन करा, मात्र छान आणि मधुर हे शब्द वापरूं नका.’ बहुतेक मुलें टांक चावीत बसत. एकदां एकानें लिहिलें, ‘भर दुपारीं नव्या माठांत तोंड घातल्यासारखें वाटतें.’ त्याला मीं पूर्ण गुण दिले.

रंगाला तांबडा-हिरवा, चवीला आंबट-तुरट असे शब्द भाषेनें दिले आहेत. वासाला मात्र बहुधा दुसऱ्या वस्तूचें नांव उसनें घ्यावें लागतें. वाळा हें एका गवताचें मूळ. त्याचा वास ओल्या मातीचा व किंचित् धुरकट. चंदनाचा सुवास खोडाच्या गाभ्यांत असतो. तो सायीसारखा स्निग्ध असून पुष्कळ वेळ रेंगाळतो. म्हणूनच कनोजच्या अत्तरकारांनीं तांब्याच्या देगांत फुलें उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलांत उतरविण्याची रीत पाडली. फुलाचा उडून जाणारा गंध चंदनाच्या आधारानें टिकतो.

आतां एक कोडें पाहा. मोगऱ्याच्या सुवासांत इंडोल नांवाचें द्रव्य असतें; तेंच विष्ठेंतही असतें! प्रमाण अत्यल्प असेल तर फूल, वाढलें तर दुर्गंध. प्राणिज द्रव्यांत हा खेळ अधिकच स्पष्ट दिसतो. जवादी मांजराच्या ग्रंथींतील लोण्यासारखा स्राव हुंगवत नाहीं. पण तोच पुष्कळ पातळ केला कीं उबदार व गोड भासतो. अंबराला लोक देवमाशाची उलटी म्हणतात. वस्तुतः तो स्पर्म व्हेलच्या आंतड्यांत तयार होतो. ताजा असतां काळा व घाणेरडा. वर्षानुवर्षें समुद्रावर तरंगून करडा झाला म्हणजे त्याला खारा वारा, जुनें लाकूड व तंबाखू यांची आठवण देणारा मंद गंध येतो.

कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळील ग्रंथींत असते. गेल्या वर्षीं आमच्या दारीं एक फेरीवाला ‘अस्सल कस्तुरी’ घेऊन आला. घरांत बाळंतीण होती. थोरली सून म्हणाली, ‘मामंजी, जरा वास घेऊन पाहतां का?’ मीं हुंगली. उग्र दर्पानें डोळ्यांत पाणी आलें. खरी कीं खोटी, हें मला सांगतां येईना. पण मीं तिला म्हटलें, ‘खोटी असली तर आपण फसलों, खरी असली तर त्याहून वाईट.’ कारण ती काढण्यासाठीं चोरटे शिकारी फांसे लावतात, आणि फांसा नर-मादी ओळखत नाहीं. ग्रंथी नसलेल्या माद्या व पाडसेंही त्यांत मरतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत कस्तुरीचा व अंबराचा व्यापार निषिद्ध आहे. शिवाय त्याची गरजही उरलेली नाहीं. लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञानें १९२६ सालीं कस्तुरी व जवादी यांच्या गंधद्रव्यांची रचना उलगडली. कार्बनच्या परमाणूंचीं तीं मोठीं कडीं होत. कस्तुरीच्या कड्यांत १५ परमाणु, जवादीच्या कड्यांत १७. आज तशीं द्रव्यें कारखान्यांत तयार होतात.

फेरीवाला परत गेला. सुनेनें माठांत वाळ्याची जुडी टाकली, आणि घरभर त्या मुलाच्या निबंधाचा वास दरवळला.