जपानच्या जंगलात सिंह नव्हता, मग सिंहनृत्य आले कोठून?

चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या देशांतील सणांचे व्हिडिओ आपण मोबाईलवर नेहमी पाहतो. ढोलाचा ठेका, भले मोठे रंगीत डोके, उघडमीट होणारा जबडा. आपल्याकडे त्याला सरसकट 'ड्रॅगन डान्स' म्हणून मोकळे होतात. पण ड्रॅगन काठ्यांवर उचलून नाचवतात. ज्याच्या अंगाखाली माणसे शिरलेली असतात, तो बहुधा सिंह असतो. जपानीत या नृत्याला 'शिशिमाई' म्हणतात.

गंमत अशी की जपानमध्ये रानटी सिंह कधी नव्हता. चीनमध्येही तो पश्चिमेकडच्या राजांनी भेट म्हणून पाठवला तेवढाच. मग जो प्राणी लोकांनी पाहिलाच नाही, तो गावोगावी नाचू कसा लागला?

याचे मोठे कारण बौद्ध धम्म आहे. भगवान बुद्धांना शाक्यसिंह म्हटले जाते. त्यांच्या निर्भय उपदेशाला सिंहनाद म्हणतात. मज्झिम निकायात या नावाची दोन सुत्ते आहेत. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आपण रोज नोटांवर पाहतो. कार्ले लेणीच्या चैत्यगृहासमोरील स्तंभावरही चार सिंह बसले आहेत. हाच सिंह मूर्ती आणि ग्रंथांबरोबर पूर्वेकडे गेला.

तेथे तो चालू लागला तो बुद्धमूर्तीच्या पुढे. सहाव्या शतकात यांग श्वानझ याने लोयांग शहरातील विहारांचे वर्णन लिहून ठेवले आहे. चांगच्यू विहारातील बुद्धमूर्ती चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी मिरवणुकीने निघे आणि अशुभ दूर सारणारे सिंह तिच्यापुढे वाट मोकळी करत जात, असे तो सांगतो. सोबत तलवार गिळणारे, आग ओकणारे खेळकरीही असत. म्हणजे गर्दी आजच्यासारखीच असणार!

जपानमध्ये ही कला कोरियामार्गे आली. 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथानुसार बेक्जे राज्यातील मिमाशी याने 612 साली 'गिगाकु' हे मुखवट्यांचे नाट्य जपानमध्ये शिकवले. त्याच्या मिरवणुकीत सिंह असे. पुढे 752 साली नारा येथील तोदाइजी विहारात महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा गिगाकु सादर झाले. मूर्तीचे डोळे रेखणारे भिक्खू बोधिसेन भारतातून गेलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्या काळातील सिंहाची लाकडी डोकी नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवली आहेत.

म्हणून प्रत्येक शिशिमाई बौद्धच, असा दावा आम्ही करणार नाही. आज हे नृत्य बहुतेक शिंतो देवस्थानांच्या उत्सवात दिसते. ईशान्य जपानमधील काही ठिकाणचा 'शिशी' तर शिंगे असलेले हरीण असते. कोठे दोन माणसे मिळून एक सिंह होतात, तर पूर्वेकडे एकच माणूस पोटावर ढोलके बांधून सिंह होतो. सिंहाने डोके चावले की मूल निरोगी राहते, ही समजूत मात्र अनेक ठिकाणी आहे. आपल्याला ती पटणार नाही, पण रडणारे मूल पुढे करून हसणारे आईबाप पाहिले की त्यातला जिव्हाळा कळतो.

मार्च 2011 च्या त्सुनामीत ईशान्य किनाऱ्यावरील अनेक गावांचे मुखवटे आणि ढोल वाहून गेले. ओनागावा येथे नववर्षाला सिंह घरोघरी फिरतो. तेथील एका वस्तीचे लोक शेजारच्या अकिता प्रांतात आश्रयाला होते. घरे गेली होती, माणसे गेली होती. त्यांनी बसायच्या गाद्या आणि पायातल्या स्लिपर जोडून एक सिंह तयार केला आणि तोच नाचवला.