तिघऱ्याची पातळी

ग्वाल्हेरच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर एक आकडा ठळकपणे छापून येतो: तिघरा धरणाच्या पाण्याची पातळी. ७४० फूट म्हणजे धरण भरलं. पुणेकर खडकवासला किती टक्के भरलं ते विचारतो, ग्वाल्हेरकर तिघरा किती फुटांवर आलं ते. सवय एकच आहे. धरण भरलं की नळाला पाणी येणार, हे दोन्ही शहरांनी गृहीत धरलेलं.

हे गृहीतक ग्वाल्हेरात मोडून पडतं, आणि ते कसं मोडतं हे पाहण्यासारखं आहे.

पाणी साठवण्याची अक्कल या गावाला कमी नव्हती. किल्ल्याच्या माथ्यावर सूरजकुंड, जौहर ताल, गंगोला ताल आणि अस्सी खंबा बावडी आहे. खाली उरवाई दरीतल्या विहिरी तटबंदीच्या आत घेतलेल्या, कारण वेढा पडला की आधी पाणी तुटतं. पण किल्ल्याचं पाणी किल्लेदाराच्या फौजेसाठी होतं. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचं शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. छावणीतून वाढलेल्या गावाला आधी विहिरी पुरतात, पुढे पुरत नाहीत. १८८७ मध्ये इथं नगरपालिका आली. पाणी ही राज्याची जबाबदारी आहे, ही कल्पना मात्र खऱ्या अर्थानं अमलात आली ती दुसऱ्या माधवराव शिंद्यांच्या काळात. शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, सांक नदीवर, त्यांनी तिघरा धरण बांधलं.

मराठी वाचकाला इथं एक ओळखीचा माणूस भेटतो. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्यासाठी बनवलेली, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडणारी दारं पुढे तिघऱ्याला वापरली गेली आणि त्यानंतर म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही. पुण्यात शिकलेल्या इंजिनिअरची युक्ती मराठी संस्थानिकाच्या धरणावर पोचली, ही तशी अभिमानाची गोष्ट. मात्र पुढचंही सांगायला हवं. या तीन धरणांपैकी दोन फुटली आहेत. खडकवासल्याची १२ जुलै १९६१ ची कहाणी पुण्यात सगळ्यांना पाठ असते: वरचं पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालच्याचा निभाव लागला नाही. तिघऱ्याची कहाणी फारशी कुणी सांगत नाही.

१९ ऑगस्ट १९१७. धरण नवं कोरं होतं, चुन्यात बांधलेलं दगडी, २४ मीटर उंच. सुमारे ४०० मीटर लांबीवरून पाणी माथ्यावरून वाहू लागलं. त्याची जाडी फक्त ०.८५ मीटर, म्हणजे माणसाच्या कमरेइतकी. पण भिंतीचे दोन प्रचंड तुकडे जागचे सरकले आणि वाहून गेले. भिंत मधोमध चिरली नव्हती, ती बुडापासून घसरली होती. धरणफुटीच्या याद्यांत मृतांचा आकडा हजारापासून दहा हजारांपर्यंत दिसतो. आकड्यांत एवढी तफावत असेल तर मला एकच अर्थ लागतो: धरणाखालच्या गावांची मोजदाद नीट कुणी केलीच नाही. दुरुस्त धरण उभं राहायला १९२९ उजाडलं. माधवराव त्याआधीच, १९२५ मध्ये, पॅरिसला वारले होते.

धरणाची दारं सगळ्यांना दिसतात. पाया कुणाला दिसत नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याचंही असंच आहे, फक्त तिथं न दिसणारी गोष्ट म्हणजे रस्त्याखालचा पाइप.

तिघऱ्याचं पाणी मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून टाक्यांत जातं. पावसानं दगा दिला की ककेटो आणि पेहसारी धरणांतून तिघऱ्यात पाणी आणावं लागतं आणि शहरात एक दिवसाआड पुरवठा सुरू होतो. एक दिवसाआड म्हणजे फक्त निम्मं पाणी नव्हे. नळ बंद असताना पाइपात दाब नसतो. पाइप गटाराशेजारून गेलेला असेल आणि त्याला चीर असेल, तर बाहेरची घाण आत झिरपते. मग पाणी सुटतं तेव्हा घरोघरी टुल्लू पंप लागतात आणि ती घाणही ओढून घेतात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं स्वच्छ पाणी शेवटच्या शंभर मीटरांत बिघडतं. संयुक्त राष्ट्रांच्या मोजमापात 'सुरक्षित' पाण्याच्या तीन अटी आहेत: घरात हवं, लागेल तेव्हा हवं, दूषित नको. या मापानं २०२२ मध्ये जगातले सुमारे २२० कोटी लोक सुरक्षित पाण्याविना होते. त्यांतल्या अनेकांच्या घरी नळ आहे, हे विसरू नये. ज्याच्या छतावर मोठी टाकी आहे त्याला बंद दिवस जाणवत नाही. ज्याच्याकडे चार बादल्या आहेत, त्याच्या घरातली बाई मात्र पाण्याच्या वेळेला बांधली जाते.

याच कोड्याला हात घालण्यासाठी २००३ नंतर ग्वाल्हेरात मोठा पैसा आला. आशियाई विकास बँकेनं भोपाळ, इंदूर, जबलपूर आणि ग्वाल्हेर या चार शहरांसाठी २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमानं जोडीला वॉटरएड आणि स्थानिक संस्था घेऊन वस्त्यांमध्ये काम काढलं. ग्वाल्हेरात 'संभव' ही संस्था त्यात होती. कर्जातून टाक्या आणि नळवाहिन्या झाल्या. पण मला या साऱ्यात लक्षात राहते ती रामाजी का पुरा ही वस्ती. तिथली नळयोजना चालवण्याचं काम वस्तीच्याच समितीकडे आलं. पाणीपट्टी गोळा करायची तीही तिनंच. संडासांसाठी फुकटचं अनुदान न देता फिरता निधी ठेवण्याची कल्पना होती: एकानं हप्ते फेडायचे, त्यातून दुसऱ्यानं बांधायचं. 'गरीब पैसे देत नाहीत' हे पालिकांचं आवडतं वाक्य आहे. टँकरवाल्याला गरीब रोज पैसे देतातच की!

अर्थात वस्तीच्या समितीनं शहर चालत नाही. शहर चालायला मीटर, गळतीचा हिशेब आणि वेळेवर बदललेला पाइप लागतो. कराडजवळच्या मलकापूरनं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाणी दिलं, ते याच तीन गोष्टींच्या बळावर. मलकापूर लहान आहे आणि ग्वाल्हेर २०११ च्या जनगणनेतच साडेदहा लाखांचं होतं, हे मान्य. पण गळकी वाहिनी दोन्हीकडे सारखीच गळते.

सांडपाण्याची बाजू आणखी अवघड. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी पडली ती शहरातल्या स्वर्णरेखा नदीच्या परिसरात. तिची समाधी फुलबागेत आहे. त्या नदीचा तळ आज काँक्रीटचा आहे आणि त्यावरून सांडपाणी वाहतं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापर्यंत गेलं. पाणी आणण्याच्या योजनांच्या उद्घाटनाला नेते येतात. वापरलेलं पाणी कुठं जातं ते पाहायला न्यायाधीशांना यावं लागतं.

आता चंबळचं पाणी शहरात आणण्याची योजना आहे. चंबळ घडियालांचं अभयारण्य असल्यामुळे तिथून पाणी उचलायलाही परवानगी लागते. ते आलं तरी शेवटी जाणार जुन्याच गल्ल्यांतून. तिघरा अजूनही ७४० च्या जवळ गेलं की दारं उघडतात. त्याआधी नदीकाठच्या गावांना सावध केलं जातं आणि शहरातली माणसं गाड्या काढून पाणी बघायला जातात.