वाटून जगवलेली प्रवाळे

डीट्रिख श्ट्यूबर हे नाव प्रवाळ पाळणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. त्या वर्तुळात मात्र ते एका प्रवाळालाच जोडले गेले आहे. १९८०च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये, समुद्रापासून दूर आणि भिंतीने वेढलेल्या शहरात, तिथल्या मत्स्यालय क्लबचे सभासद असलेल्या श्ट्यूबर यांनी अक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाचा एक लहानसा अंश आपल्या काचेच्या टाकीत वाढवला. कठीण सांगाड्याची अशी प्रवाळे घरात टिकत नाहीत, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. हे टिकले. श्ट्यूबर त्याच्या फांद्या तोडून सोबत्यांना देत गेले, सोबत्यांनी त्या पुढे दिल्या, आणि त्या एका जिवाची वाढ युरोपभर, मग अटलांटिकपलीकडेही पोचली. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांचा क्लब बाहेरून पाहणाऱ्याला सुंदर टाक्यांचे प्रदर्शन भरवणारी मंडळी वाटते. माझ्या मते त्याचे खरे काम वेगळे आहे. जिवंत प्राणी आणि ते का मेले याचे ज्ञान, या दोन्ही गोष्टी एकाच्या घरात न ठेवता अनेकांच्या घरांत विखरून ठेवणे, हे ते काम. एकट्या माणसाला, मग तो कितीही पैसेवाला आणि चिकाटीचा असो, जे साधले नसते ते या विखुरण्यामुळे साधले.

एकट्याला का साधत नाही, हे पाण्याकडे पाहिले की कळते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे जातात आणि तेवढा धीर नसलेल्याचे पहिले मासे दगावतात. पण हा फक्त उंबरठा झाला. प्रवाळाला लागणाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम हवे, तापमान २५-२६ अंशांच्या आसपास हवे. शिवाय प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज ओढून घेते, म्हणजे जितके ते जोमाने वाढेल तितक्या वेगाने त्याचे पाणी बिघडते. मत्स्यालयतज्ज्ञ पेटर विल्केन्स यांनी यावर चुन्याची निवळी वापरण्याची पद्धत रूढ केली. बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याच्या जागी निवळी थेंबथेंब सोडायची, तीही शक्यतो रात्री, कारण अंधारात टाकीचा सामू उतरलेला असतो आणि निवळी तीव्र अल्कधर्मी असते. बर्लिनच्या मंडळींनी तिला जिवंत खडक, प्रखर दिवे आणि पाण्यात बुडबुडे सोडून फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे स्किमर यांची जोड दिली. आजही ही रीत बर्लिन पद्धत म्हणूनच ओळखली जाते, कारण ती अनेकांच्या टाक्यांत घासूनपुसून तयार झाली.

हा मुद्दा उलट बाजूनेही तपासता येतो. जकार्ताचे ली चिन इंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली रीत मांडली होती: समुद्रातून आणलेला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे, उजेड आणि फारशी ढवळाढवळ नाही. निरीक्षण अचूक होते. खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू पाणी शुद्ध करतात, हेच पुढे बर्लिन पद्धतीचे मर्म ठरले. तरीही नंतरची जवळपास दोन दशके पश्चिमेतल्या बहुतेक टाक्यांत तळाच्या खडीतून पाणी ओढणाऱ्या गाळण्याच चालू राहिल्या. लींच्या दाराशी समुद्र होता. तो नसलेल्या गावात त्यांची रीत करून पाहणारे, फसल्यावर कुठे फसले ते एकमेकांना सांगणारे आणि पुन्हा करणारे लोक एकत्र आलेले नव्हते. लेख छापून आला म्हणून कसब पोचत नाही. ते पोचायला शेजारी तीच खटपट करणारा दुसरा माणूस लागतो.

क्लबच्या बैठकीत काय चालते ते पाहिले तर हे अधिक पटते. सभासद आपापल्या टाकीचे पाणी बाटलीत भरून आणतात आणि ते एकाच उपकरणाने मोजले जाते. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावला तरी ३५च्या आसपास चुकू शकतो, म्हणून तो ३५च्याच प्रमाणित द्रावणावर तपासावा, ही गोष्ट क्लबमध्ये पहिल्याच महिन्यात कळते. एकटा माणूस त्याच चुकीच्या आकड्यावर विसंबून वर्षभर प्रवाळे घालवत बसतो. रँडी होम्स-फार्ली या अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी कॅल्शियम आणि क्षारीयता राखण्याची दोन द्रावणांची कृती सर्वांसाठी खुली केली: एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात ओव्हनमध्ये भाजलेला खाण्याचा सोडा. याच कामासाठी लोक महागड्या बंद बाटल्या घेत होते. अशी कृती हाती आल्यावर क्लब पोत्याने माल मागवतो आणि वाटून घेतो. काही ज्ञान तर जिवावरचे आहे. झोअँथिड गटातल्या काही देखण्या प्रवाळसदृश प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे प्राणी चिकटलेला खडक उकळत्या पाण्यात टाकल्याने वाफेतून घरातल्या माणसांना रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. या प्राण्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, खडक कधीही उकळायचा नाही, हे नव्या माणसाला सांगणारे कुणीतरी समोर असणे याची किंमत पैशात होत नाही.

पण क्लबचा गाभा म्हणजे तुकड्यांची देवघेव. प्रवाळाची फांदी कापून ती सुपरग्लूच्या घट्ट जेलने छोट्या खुंटीवर चिकटवली की काही आठवड्यांत ती बूड धरते आणि स्वतंत्र वसाहत होते. हौशी लोक या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. नवा फ्रॅग टाकीत जाण्यापूर्वी औषधी द्रावणात बुडवून त्यावरचे चपटे कृमी आणि प्रवाळ खाणाऱ्या बारीक गोगलगायी पाडायच्या, अंडी नखाने किंवा ब्रशने खरवडायची, हा शिरस्ता. अनेक क्लबांत काही प्रवाळे विकलीच जात नाहीत. घेणाऱ्याने आपले वाढल्यावर त्यातले तुकडे पुढच्या दोघा-चौघांना फुकट द्यायचे, एवढीच अट असते. यामागे उदारपणा आहेच, पण हिशेबही आहे. रात्रभर वीज गेली, हीटर चालूच्या चालू अडकला, की वर्षानुवर्षांची टाकी एका दिवसात संपते. त्या दिवशी ज्याने तुकडे वाटलेले असतात त्याचे प्रवाळ दुसऱ्याच्या घरी जिवंत असते आणि परत मिळते, जसे घरचे विरजण मोडले की शेजारणीकडून आपलेच विरजण परत आणता येते. ज्याने दुर्मीळ म्हणून ते स्वतःपुरते राखले, त्याच्याबरोबर तो वंशच गेला.

माशांच्या बाबतीत वाट जास्त बिकट आहे, कारण मासा तोडून वाटता येत नाही. अंड्यातून निघालेली पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात आणि त्यांना जिवंत, तोंडात मावेल असे खाद्य लागते. क्लाउनफिशच्या पिल्लांना रोटिफर हे सूक्ष्म जीव चालतात, इतर अनेकांना तेही मोठे पडतात. मिशिगनमधल्या सागरी मत्स्यालय क्लबातून निघालेल्या प्रजनन उपक्रमाने एक शिस्त लावली: मासे अंडी घालतात, पिल्ले निघतात, ती तळाला स्थिरावतात, या प्रत्येक टप्प्याची पुराव्यासह नोंद करायची. घरगुती छंदात अशी नोंदवही ठेवायला लावणे सोपे नाही, आणि मला हा या क्लबांचा सर्वांत कमी कौतुक झालेला गुण वाटतो. श्रेय मात्र जिथले तिथे द्यायला हवे. हवाईचा पिवळा टँग २०१५ मध्ये आणि निळा टँग २०१६ मध्ये बंदिवासात वाढवला गेला तो संशोधन संस्थांत. दोन्ही यश घरच्या टाकीच्या आवाक्याबाहेरचे होते.

या छंदावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की त्याचे मूळच समुद्राच्या लुटीत आहे. तो खोटा नाही. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून शोभेचे मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड फवारले गेले आणि त्यात आसपासची प्रवाळेही मेली. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीच नैसर्गिकरीत्या सापडणारा बांगाई कार्डिनल मासा या व्यापारामुळे इतका घटला की २००७ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की हाच मासा घरी वाढवायला सर्वांत सोप्यांपैकी आहे: नर अंडी तोंडात उबवतो आणि बाहेर येणारी पिल्ले बऱ्यापैकी मोठी असतात. म्हणजे कसब उपलब्ध होते आणि तरी बाजार समुद्रातून मासे उपसत राहिला. क्लब हा व्यापार एकट्याने थांबवू शकत नाही, हे यातून कबूल करावे लागते. पण मागणी कुणाकडे वळते हे तो ठरवू शकतो. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा क्लबांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या तुकड्यांचा आधार होता. याला उलट प्रश्नही विचारला जातो: फ्लोरिडात मासे टाक्यांत वाढवले तर बांगाईच्या कोळ्याने काय करायचे, आणि प्रवाळभिंतीतून त्याचे उत्पन्न संपल्यावर त्याने ती का जपायची? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इंडोनेशिया आणि फिजीमध्ये किनाऱ्यावरच होणाऱ्या प्रवाळ लागवडीत आहे, आणि हौशी माणसाने परदेशी माल घ्यायचाच तर तो तिथला घ्यावा.

दुसरा आक्षेप ज्ञानाबद्दलचा. एकाच वेळी दहा गोष्टी बदलणाऱ्या टाकीतून कसला निष्कर्ष निघतो? ही टीका मान्य करूनच पुढे जायला हवे. तळाशी वाळूचा जाड थर असावा, त्याखाली पाण्याची पोकळी असावी, अशी मते एकेका काळी ठामपणे सांगितली गेली आणि पुढे मागे पडली. नायट्राइटचे नायट्रेट करणारा जिवाणू कोणता याबद्दलची जुनी समजूत प्रयोगशाळेनेच १९९८च्या सुमारास दुरुस्त केली. पण मागे पडली, दुरुस्त केली, हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. शंभर टाक्यांत एकच उपाय करून पाहिला आणि ऐंशी जणांनी फसल्याचे सांगितले, तर तो कठोर प्रयोग नसला तरी पुराव्याची दिशा असते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ पासून प्रवाळांच्या ऊती झिजवणारा रोग पसरला, तेव्हा निरोगी वसाहती उचलून टाक्यांत सांभाळाव्या लागल्या. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी तापमान आणि चंद्रप्रकाशाचे वार्षिक चक्र टाकीत उभे करून प्रवाळांना अंडी-शुक्राणू सोडायला लावले होते, आणि त्याच वाटेने २०१९ मध्ये फ्लोरिडा अक्वेरियममध्ये खांबासारखे वाढणारे पिलर प्रवाळ प्रसवले. हे काम शास्त्रज्ञांचे आहे. पण प्रवाळ टाकीत वर्षानुवर्षे जगवायचे कसे, हे ज्या पायावर कळले तो हौशी आणि व्यावसायिक दोघांनी मिळून घातलेला होता.

टाकीतून समुद्रात सोडून दिलेल्या जिवांचा प्रश्न राहतो. फ्लोरिडाजवळ लायनफिश पहिल्यांदा १९८५ मध्ये दिसला आणि मग तो कॅरिबियनभर पसरला. मूळ हिंद-प्रशांत महासागरातला हा मासा टाक्यांतून सुटला असेच मानले जाते. कॅलिफोर्नियाच्या कार्ल्सबाडजवळ २००० मध्ये मत्स्यालयातले कॉलेर्पा शेवाळ सापडले आणि ते निपटायला २००६ उजाडले. इथे क्लबचा उपयोग अगदी साधा आहे: छंद सोडणाऱ्याचे किंवा टाकीत न मावणारे जीव परत घेणारे घर शोधून देणे.

महाराष्ट्रात या छंदाचे हिशेब थोडे निराळे आहेत. इथे हीटरपेक्षा चिलर जास्त लागतो, नळाचे पाणी आरओतून काढूनच मीठ कालवावे लागते. आणि प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालवणच्या पाण्यातून एक काटकीही उचलणे गुन्हा आहे. अनेक परदेशी प्रजातींसाठीही २०२२च्या दुरुस्तीने बाळगणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारी टाकली. क्लाउनफिशच्या बाबतीत सोय आहे, कारण केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांचे प्रजनन भारतातच साध्य केले आहे. समुद्रातले जोडपे घेण्याचे कारण उरत नाही. प्रवाळाच्या बाबतीत मुंबई-पुण्याच्या क्लबने देवघेवीच्या टेबलावर प्रत्येक तुकड्यापाशी प्रजाती, मूळ कुठले, कुणाच्या टाकीतून कधी तोडला आणि नोंदणीचा कागद, एवढे मांडायला लावावे, आणि ज्याचे मूळ सांगता येत नाही तो तुकडा टेबलावर येऊ देऊ नये.