छत्तीस वर्षांनी पुन्हा उड्डाण!

दोस्तांनो, एखाद्या सिनेमाचा दुसरा भाग यायला किती वर्षं लागावीत? दोन? चार? ‘टॉप गन’च्या दुसऱ्या भागाला तब्बल ३६ वर्षं लागली! पहिला सिनेमा अमेरिकेत लागला १६ मे १९८६ रोजी आणि ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आला २७ मे २०२२ रोजी. म्हणजे ज्यांनी पहिला शाळेत असताना पाहिला, ते दुसरा बघायला आपल्या मुलांना घेऊन गेले.

आमचंही तसंच. पहिला भाग मी पाहिला तो भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, शेजारच्यांच्या घरात, दाटीवाटीनं बसून. मध्येच कॅसेट अडकायची, पडद्यावर मुंग्या यायच्या. पण विमान जहाजावरून सुटलं, की सगळे चिडीचूप! त्यामुळे दुसऱ्या भागाला जाताना खरं सांगायचं तर धाकधूकच होती. आवडत्या सिनेमाचा पुढचा भाग म्हणजे बहुतेक वेळा शिळ्या कढीला ऊत. त्यात टॉम क्रूझ पहिल्या वेळी २३ वर्षांचा होता, आता ५९ वर्षांचा. या वयात कशाला हा उद्योग, असं वाटलं होतं!

आधी पहिल्याची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेच्या नौदलाची लढाऊ वैमानिकांसाठी एक खास शाळा आहे. तिचंच नाव टॉप गन. ती १९६९ मध्ये सुरू झाली आणि ती खरीखुरी आहे बरं का! तिथे मॅव्हरिक नावाचा एक पठ्ठ्या येतो. विमान चालवण्यात पटाईत, पण नियम म्हटले की डोक्यात तिडीक. त्याच्या मागच्या सीटवर बसतो त्याचा जिवलग दोस्त गूस. एका सरावात दुसऱ्या विमानाच्या झोतात सापडून मॅव्हरिकची इंजिनं बंद पडतात, विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं आणि गूस मरतो. चौकशीत मॅव्हरिकला दोषी धरत नाहीत. पण त्याचं मन काही त्याला सोडत नाही.

एक गंमत सांगतो. त्या सिनेमात शत्रूची विमानं ‘मिग-२८’ म्हणून दाखवली आहेत. अशी विमानं कुठेच नव्हती! ती होती अमेरिकेचीच एफ-५, काळा रंग फासून आणलेली. आम्ही मात्र कित्येक वर्षं वहीच्या मागच्या पानावर मिग-२८ ची चित्रं काढत होतो.

आता दुसरा भाग. त्याचं चित्रीकरण २०१८-१९ मध्येच झालं होतं. तो २०२० च्या जूनमध्ये यायचा होता. तेवढ्यात कोरोना आला, थिएटरं बंद झाली आणि तारीख पुढे पुढे ढकलत गेली. घरबसल्या टीव्हीवर दाखवायला टॉम क्रूझ तयार नव्हता. मोठ्या पडद्यावर बसल्यावर कळतं, का ते.

यातली विमानं आहेत एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट. नट त्यात खरोखर बसले होते. विमान अर्थातच नौदलाचा वैमानिक चालवायचा आणि नट मागच्या सीटवर. कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवले होते. एकदा विमान उडालं की दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की जमिनीवर आणि नट आभाळात! कॅमेरा सुरू करायचा नटानंच, प्रकाश कुठून येतोय ते बघायचं त्यानंच आणि संवाद म्हणायचे तेही त्यानंच. परत आल्यावर चित्रण बघायचं, जमलं नसेल तर पुन्हा वर.

त्यातून वेगात वळताना अंगावर येणारा भार वेगळाच. समजा तुमचं वजन ४० किलो आहे. ७ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपट ओढ बसली, तर तुम्हाला आपण २८० किलोंचे झालो असं वाटेल! हात उचलणं मुश्किल, रक्त पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून नटांना आधी काही महिने छोट्या विमानांतून सराव दिला होता. पडद्यावर त्यांचे गाल ओघळतात, मान दबते, ते काही अभिनयातून आलेलं नाही.

पण नुसत्या विमानांसाठी मी हा लेख लिहिला नसता. पहिल्या भागात गूसचा एक छोटा मुलगा आहे. ३६ वर्षं गेली म्हणून तोच मुलगा आता वैमानिक होऊन मॅव्हरिकसमोर उभा राहू शकतो. त्याचं टोपणनाव रूस्टर, आणि तो मॅव्हरिकशी धड बोलतसुद्धा नाही. कारण? मॅव्हरिकनं त्याचा नौदल अकादमीचा अर्ज मागे काढून घेतला होता, त्यात पोराची चार वर्षं गेली. मॅव्हरिकनं हे का केलं? रूस्टरच्या आईनं तसं मागितलं होतं. वडील विमानात गेले, निदान मुलगा तरी राहावा. पण मॅव्हरिक हे त्या मुलाला सांगत नाही. आईवरचा राग आपल्यावर ओढवून घेतो. आणि आता एका जिवावरच्या मोहिमेसाठी वैमानिक निवडायचे आहेत, निवडणारा मॅव्हरिकच. रूस्टरला पाठवायचं की पुन्हा अडवायचं?

सिनेमा संपल्यावर या प्रश्नावर आमच्या घरी जेवणाच्या ताटावर भांडण झालं. मुलीचं म्हणणं, अर्ज त्याचा होता, तेव्हा ठरवायचा हक्कही त्याचाच. तिची आई म्हणाली, “तू आई झालीस की बोलू.” मी गप्प राहिलो, कारण मला दोघींचंही पटत होतं.

खोट काढायचीच तर आहे. शत्रू कोणत्या देशाचा ते शेवटपर्यंत सांगत नाहीत, त्यामुळे तो पुठ्ठ्याचा वाटतो. दरीतून झेपावत जाऊन नेमक्या जागी बॉम्ब टाकायचा, हे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये येऊन गेलंय. आणि पहिल्याची ती तरुण मस्ती इथे नाही. तरी माझ्या मते दुसरा भाग सरस आहे. पहिल्यात कुणी हरणार असं वाटतच नाही. दुसऱ्यात क्षणाक्षणाला वाटतं. त्यात फीनिक्स नावाची वैमानिक मुलगीही आहे. १९८६ मध्ये ती तिथे दिसलीच नसती. अमेरिकेत मुलींना लढाऊ विमानांतून लढायची परवानगी मिळाली ती १९९३ मध्ये.

एक प्रसंग मात्र विमानाविनाच अंगावर काटा आणतो. पहिल्या भागातला मॅव्हरिकचा प्रतिस्पर्धी आइसमन आता ॲडमिरल झाला आहे, पण आजारानं त्याचा आवाज गेलाय. ते काम करणारा व्हॅल किल्मर याचाही आवाज घशाच्या कर्करोगानं खरोखरच गेला होता. दोघं समोरासमोर बसतात आणि आइसमन कॉम्प्युटरवर टाइप करून बोलतो. किल्मर २०२५ मध्ये वारला.

दोन्ही भाग क्रमानंच बघा. पहिल्यात प्रेमप्रसंग आहेत, तेव्हा छोट्यांबरोबर मोठ्यांनी बसावं हे बरं. आणि गूस पियानो वाजवत असताना पियानोवर बसलेल्या त्या छोट्या पोराकडे नीट बघून ठेवा. दुसऱ्या भागात तेच गाणं पुन्हा वाजतं. वाजवणारा तो, आणि मॅव्हरिक बाहेर अंधारात उभा राहून ऐकत असतो.