सध्या काय लावलंय?

आमच्या रविवारच्या बैठकीत चहाआधी एक प्रश्न ठरलेला : ‘सध्या काय लावलंय?’ पाच-सहा जण, एक म्हातारा रेकॉर्ड प्लेअर आणि नियम एकच. रागाचं किंवा गवयाचं नुसतं नाव घेऊन सुटायचं नाही, रेकॉर्ड कुठली ते सांगायचं. ‘मारवा ऐकतोय’ हे उत्तर आमच्याकडे धरत नाहीत. कुणाचा? कुठल्या बाजूचा?

मला सुरुवातीला हा दर्दी मंडळींचा नखरा वाटायचा. आता मीही तोच करतो. अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी घ्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा दिवस मावळतानाचा, पंचम वर्ज्य, षड्जावर टेकायला सतत टाळाटाळ करणारा. दरबारी खोल रात्रीचा. मैफलीत या दोहोंच्या मध्ये काही तास जायला हवेत, इथे तबकडी उलटायला लागतो तेवढाच वेळ जातो. शास्त्राला हे कदाचित रुचणार नाही, पण ज्यांनी ही एलपी घासून घासून ऐकली त्यांच्या कानात मारव्याच्या पाठोपाठ दरबारीच येतो. किशोरीताईंच्या एलपीमुळे बागेश्री आणि भूप यांचंही असंच लग्न लागलंय. फोनवर एकेक तुकडा ऐकणाऱ्याला ही जोडी भेटतच नाही.

एलपी आली 1948 साली, अमेरिकेत. मिनिटाला 33⅓ फेरे आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्याआधीची 78 फेऱ्यांची दहा इंची तबकडी साडेतीन मिनिटांच्या आसपास संपायची. एवढ्यात विलंबित ख्याल कुठून मावणार? मग ठुमरी, नाट्यपद, द्रुत चीज. ख्याल म्हटलाच तर फापटपसारा गाळून, थेट गाभ्याला हात घालून. त्या घाईची कीव करणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यातला नाही.

कारण साडेतीन मिनिटांचीच एक भैरवी आज माणसाने बनवलेली कुठलीच रेकॉर्ड गेली नाही इतकी दूर गेली आहे. 1977 साली कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी व्हॉयेजर यानांवर पाठवायचं संगीत निवडत होते. एका अर्थी आमचाच प्रश्न, फक्त विचारणारा परग्रहावरचा. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली आणि हीच घ्या म्हणून धरून बसला. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या; ध्वनिमुद्रणाचं त्यांना मुळात फारसं प्रेम नव्हतं. रेकॉर्ड तर बाजारातून कधीच गेलेली. सेगन यांच्या चमूतल्या अॅन ड्रुयान ती शोधत फिरल्या, आणि न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, पत्त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात त्यांना तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गुडघे टेकून खोकी उपसलेल्या कुणालाही त्या क्षणी ड्रुयानबाईंना काय झालं असेल, हे सांगायला नको.

27 रचनांत ही भैरवी गेली, बाख आणि बीथोवन यांच्या पंगतीला. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 उडालं. त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या.

ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात जुन्या संग्राहकाने पहिला प्रश्न विचारला, ‘आणि सुई?’ त्यांचा स्वभावच तो. कुणी रेकॉर्ड उसनी मागितली की ते आधी त्याच्या प्लेअरची सुई कशी आहे ते विचारतात. झिजलेली सुई खाचा कायमच्या खरवडते. असल्या माणसाला ते रेकॉर्ड देत नाहीत, मग तो सख्खा भाऊ का असेना.

तर काका, सुई दिलेली आहे, कार्ट्रिजसकट. तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. ती मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी फिरवायची, आणि सुई कुठे ठेवायची याचं चित्रही कव्हरवर कोरलेलं आहे.